आबांच्या आवाजाची सीडी

दादा बोटीवरून सुट्टीला आला तेव्हा त्याच्या सामानात एक मोठं खोकं होतं. आबांना वाटलं, व्हीसीआर आणला. "घरात टीव्ही हाय तेवढा पुरे नाय का," ते म्हणाले. दादाने थर्माकोल काढून काळं यंत्र टीव्हीशेजारी मांडलं. "आबा, ह्याच्यावर सीडी बनते. घरच्या घरी."

नव्वदीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. नेरूळच्या आमच्या सोसायटीत सीडी ऐकायची सोयसुद्धा दोन-तीन घरांत होती. दादा मालवाहू बोटीवर फिटर होता आणि हे यंत्र त्याने सिंगापूरला घेतलं होतं. मी तेव्हा कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका व्यापाऱ्याकडे टायपिंग करत होते. संध्याकाळी घरी आले की दादा मला यंत्र शिकवायचा. त्याचा हातात मावणारा सीडी प्लेअर वायरीने यंत्राला जोडायचा, यंत्राच्या कप्प्यात कोरी सीडी घालायची, दोन्हीकडची बटणं एकदम दाबायची. तासाभराची सीडी उतरवायला तासभरच लागे. यंत्राच्या काचेवर दोन रेघा आवाजाबरोबर वरखाली व्हायच्या. त्या अगदी टोकाला गेल्या की आवाज फाटायचा, म्हणून एक हात बटणावर ठेवून बसायचं.

सगळं उतरल्यावर शेवटचं काम म्हणजे 'फायनलाइज'. ते करेपर्यंत सीडी फक्त ह्याच यंत्रावर वाजणार. केलं की कुठेही वाजेल, पण मग तिच्यात पुढे काही घालता येणार नाही. आणि एकदा घातलेलं पुसता तर कधीच येणार नाही. "कॅसेट नाय ही," दादा म्हणायचा, "एकदा लिहिलं ते लिहिलं." कोऱ्या सीड्याही खास लागायच्या. त्याने येताना दहा आणल्या होत्या. बोटीवरच्या दोस्तांच्या सीड्या उतरवण्यात सात गेल्या, एक मी खराब केली. उरल्या दोन.

आबा मार्केटात मापाडी होते. साताऱ्याकडून मुंबईला आले, आणि कांदा-बटाट्याचं मार्केट वाशीला हललं तेव्हा त्याच्यामागून आम्ही नेरूळला आलो. काट्यावर गोणी चढली की वजन बघायचं आणि पुकारायचं, हे त्यांचं काम. पहिल्या गोणीला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन. हमालांचा ओरडा आणि ट्रकचे हॉर्न ह्यांच्या वर त्यांचा आवाज जायचा. गाळ्यावरचे लोक म्हणायचे, मापाडी बोलला की समोरच्या गल्लीतला व्यापारी लिहून घेतो.

तोच आवाज ते घरी घेऊन यायचे. मीठ कमी पडलं, टॉवेल जागेवर नाही, शेजारीण जास्त वेळ बसली, कशावरूनही तो सुटायचा. बोलणं नेहमी आईला. ते सुरू झालं की आई पहिली जाऊन स्वयंपाकघराची खिडकी लावायची आणि मगच खाली मान घालून उभी राहायची. आबांनी हात कधी उचलला नाही. नातेवाईक कौतुकाने सांगायचे, "माणूस तोंडाचा फटकळ, पण हात उचलत नाय. देवमाणूस." मी आणि दादा लहानपणापासून जिन्यातल्या चपलांचा आवाज ओळखायचो आणि ते दारात येण्याआधी रेडिओ बंद करायचो.

दादा आला त्याच्या आधीपासूनच हा आवाज बसला होता. आबा हळद-दूध प्यायले, काढे प्यायले. विडी मात्र सुटली नाही. मार्केटात वजन पुकारताना दोनदा कळेनासं झालं, तेव्हा कुठे ते डॉक्टरकडे यायला तयार झाले. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होते. समोरच्या कागदावर गळ्याचं चित्र काढून ते म्हणाले, "स्वरयंत्र काढावं लागेल. इथे गळ्याला भोक राहील, श्वास तिथून घ्यायचा."

"आन् बोलायचं कुठनं?" आबांनी विचारलं.

"थोडंफार शिकता येतं. वेगळ्या पद्धतीने."

"म्हंजे मुका."

डॉक्टर चित्रावर पेन फिरवत राहिले.

परत येताना आबा खिडकीबाहेर बघत बसले होते. तेव्हा माझ्या मनात जे आलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पहिला विचार असा आला, की आता घर शांत होईल. रडू त्याच्या नंतर आलं.

ऑपरेशनची तारीख मिळाली ती दादा बोटीवर हजर व्हायच्या दिवसाच्या पुढची. कंपनीला तार केली, फोन केले, काही उपयोग झाला नाही. जायच्या आदल्या दिवशी दादा म्हणाला, "आबा, तुमचा आवाज ह्यात घेऊन ठेवू. काय वाटेल ते बोला."

"मी काय मरायला टेकलोय का?"

"तसं नाय आबा..."

"उचल ते. टीव्ही दिसत नाय त्याच्यामुळं."

रात्रीतून मात्र दादाने सगळं जोडून ठेवलं. यंत्राला माइक लागत नव्हता, म्हणून माइक आमच्या जुन्या टेपरेकॉर्डरला आणि टेपरेकॉर्डरची वायर यंत्राला. कुठलं बटण कधी दाबायचं ते त्याने कागदावर लिहून दिलं. "तू विचार त्यांना. तुझं ऐकतील," म्हणाला. "आणि मला एक कॉपी पाठव. बोटीवर ऐकेन."

आबांनी ऐकलं ते अॅडमिट व्हायच्या आदल्या दिवशी, आणि तेही आपणहून. दुपारी कॉटवर बसल्या बसल्या म्हणाले, "लाव तुझं ते." माइकला स्टँड नव्हता. मी तो एका स्टीलच्या पेल्यात फडकं कोंबून उभा केला आणि स्टुलावर ठेवला. आबा शर्ट घालून आले. कोरी सीडी आत गेली, मी लाल बटण दाबलं.

"हॅलो," आबा म्हणाले. फोनवर म्हणतात तसं. मग माझ्याकडे पाहिलं, पुढे काय म्हणून.

"मार्केटात पुकारता तसं पुकारा," मी सुचवलं.

"लाभ," त्यांनी सुरुवात केली, "दोन... तीन..." अकरापर्यंत गेले आणि आवाज चिरला. यंत्रावरच्या रेघा जेमतेम हलत होत्या. मी पेला त्यांच्या आणखी जवळ सरकवला. मग ते दादाशी बोलले. बोटीवर जपून राहा, दारूच्या नादी लागू नको, चुलत्याशी भांडू नको, गावचं घर आम्हा दोघा भावांचं आहे. मग म्हणाले, "पोरगी माझ्यापरास हुशार निघाली. तिला तिच्या मनासारखं करू द्या." हे बोलताना ते माझ्याकडे नाही, पेल्याकडे बघत होते. मी रेघांकडे बघत राहिले. मग गावाकडच्या बहिणीचं नाव घेतलं, मार्केटातल्या दोन जुन्या सोबत्यांना रामराम सांगितला. पाणी प्यायले.

"आन् हिला सांगायचं म्हंजे..." ते म्हणाले.

तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

आबांचा चेहरा बदलला. कुठून आला कोण जाणे, पण इतके महिने बसलेला तो आवाज पुरा आला. "अगं ए! बंद कर ते! अक्कल गहाण टाकलीस का? हितं माणूस शेवटचं बोलतोय आन् तुला कुकर सुचतोय? जलमभर हेच केलंस. कधी काय कळलं नाय तुला, कधी कळायचं नाय!" रेघा टोकाला जाऊन तिथेच थरथरत राहिल्या. आत आईने गॅस बंद केल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ खिडकी लावल्याचा.

माझा हात बटणावर तसाच राहिला. बंद करायला हवं होतं ते सुचलंच नाही.

"झालं," आबा म्हणाले. "बंद कर."

मी फायनलाइज केलं नाही. त्या गडबडीत ते राहूनच गेलं.

ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी आबा घरी आले. गळ्यातल्या भोकावर पातळ कापड बांधलेलं असायचं आणि खोकला आला की ते फडफडायचं. हाक मारायची तर टाळी वाजवायची, सांगायचं तर पाटीवर लिहायचं. आई चौथीपर्यंत शिकलेली. ती एकेक अक्षर लावत वाचायची आणि तोवर आबांचा धीर सुटायचा. ते पाटी हिसकावून पुसायचे, पुन्हा मोठ्या अक्षरात लिहायचे. पण पाटीवर कितीही मोठं लिहिलं तरी शेजारच्या घरात ऐकू जात नाही. पहिले काही दिवस जोराची टाळी वाजली की आई सवयीने खिडकीकडे जायची. मग जायची थांबली.

घर खरोखर शांत झालं. एका रविवारी आई भांडी घासताना गुणगुणत होती. मी ते आधी कधी ऐकलं नव्हतं. आबा कॉटवर बसून मोरीच्या दाराकडे बघत होते, आणि त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मी कामावर आणि आई बाजारात गेली की ते सीडी लावायचे, हे मला उशिरा कळलं. एकदा ऑफिस लवकर सुटलं. दार उघडलं तर आबा यंत्रापुढे जमिनीवर बसलेले, आणि खोलीभर तो आवाज: "कधी काय कळलं नाय तुला!" मला बघून त्यांनी घाईने बटण दाबलं, भलतंच दाबलं, आणि आवाज चालूच राहिला. मी जाऊन बंद केला. त्यांनी पाटी ओढली. लिहिलं, "हे काढ."

"काढता येत नाही आबा. ह्याच्यात पुसायची सोय नाही. दुसरी कोरी आहे, ही फायनलाइज केली की तिच्यावर तेवढं सोडून बाकीचं उतरवता येईल."

त्यांनी पाटी पुसली. मग लिहिलं, "हिच्यात पुढं जागा आहे?"

"आहे. अर्ध्याहून जास्त."

"थांब मग," त्यांनी लिहिलं.

हॉस्पिटलात आठवड्यातून एकदा बोलायला शिकवायचे. शिकवणाऱ्या गृहस्थांचंही स्वरयंत्र काढलेलं होतं. हवा गिळायची, ढेकर देतो तशी वर आणायची आणि त्या ढेकरेवर शब्द बसवायचा. आबा मोरीत नळ सोडून सराव करायचे. दीड महिन्याने त्यांना 'चा' म्हणता यायला लागलं. 'पाणी' कधी यायचं, कधी नाही. गिळलेल्या हवेने पोट फुगायचं, दुखायचं, जेवण जायचं नाही. तरी नळ चालूच असायचा. मी एकदा म्हटलं, "आबा, एवढी घाई कशाला?" त्यांनी नळ आणखी मोठा सोडला.

मग एका शनिवारी त्यांनी पाटीवर लिहिलं, "हिला बाहेर पाठव. यंत्र लाव."

मी आईला गव्हाचा डबा देऊन गिरणीत पाठवलं. पेला, फडकं, माइक. आबांनी शर्ट घातला. मी लाल बटण दाबलं आणि हाताने खूण केली.

त्यांनी हवा गिळली. तोंड उघडलं. काहीच आलं नाही, फक्त गळ्यातल्या भोकातून शूं असा वारा. पुन्हा गिळली. ह्या वेळी एक ढेकर आली आणि तिच्यावर कसलासा शब्द होता. सुरुवातीला 'ह' असावा, किंवा नुसता श्वासच. मी मान हलवली, की चालू आहे, बोला. तिसऱ्या वेळी दोन शब्द आल्यासारखे वाटले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कळलं का म्हणून.

मला कळलं नव्हतं. मी हो म्हणायला हवं होतं. पण चेहऱ्यावर दिसलं असणार.

आबांनी पुन्हा हवा गिळली, पुन्हा, पुन्हा. खोकला सुरू झाला, कापड फडफडून गळ्यावरून सरकलं. यंत्रावरच्या रेघा फक्त त्या खोकल्याला उडाल्या. त्यांनी पाटी उचलली आणि कॉटच्या लोखंडी कडेवर आपटली. तिचे दोन तुकडे झाले. मग हातानेच खूण केली. बंद.

"पुढच्या वेळी जमेल," मी म्हटलं.

त्यांनी यंत्राकडे बोट केलं आणि मूठ आवळली. कायमचं बंद. मी फायनलाइजचं बटण दाबलं. ते काम संपायला काही मिनिटं लागतात. आम्ही दोघं काचेवरचे आकडे कमी होताना बघत बसलो. आई गिरणीतून आली, पाटीचे तुकडे उचलून तिने कोपऱ्यात ठेवले आणि डबा घेऊन आत गेली. काय झालं ते तिने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोसायटीतल्या एका घरून सीडी प्लेअर मागून आणला आणि शेवटच्या कोऱ्या सीडीवर दादासाठी कॉपी केली. 'रामराम सांगा' इथपर्यंत उतरवलं आणि थांबले. 'आन् हिला' सुद्धा घेतलं नाही. त्याच्यापुढे काही नसेल तर ते कशाला, असा विचार केला. सीडी दादाच्या कंपनीच्या ऑफिसात नेऊन दिली. ती पोचल्यावर त्याने कुठल्याशा बंदरातून फोन केला. "ऐकली," एवढंच म्हणाला. लाइन खरखरत होती.

आबांनी नव्या पाटीवर लिहिलं, "जुनी मोडून टाक." मी सीडी घेऊन स्वयंपाकघरात गेले. का गेले सांगता येणार नाही. मोडायची तर ती बाहेरच्या खोलीतही मोडता आली असती. आई भाकऱ्या थापत होती.

"आई, आबा म्हणतात ही मोडून टाक."

तिने हात धुतले, पदराला पुसले. "मोडू नको."

"ह्याच्यात ते तुला—"

"म्हाईत हाय. मी हितंच होते." तिने सीडी माझ्या हातातून घेतली. "सगळ्यांशी बोलले त्यात. माझ्याशी तेवढंच."

तिने ती रुमालात गुंडाळून कपाटात आपल्या लुगड्यांखाली ठेवली. आबांना मी सांगितलं, मोडली. त्यांनी मान हलवली. मला वाटतं, त्यांचा विश्वास बसला नव्हता. पण पुन्हा त्यांनी विचारलं नाही, आणि हवा गिळायचा सरावही पुन्हा केला नाही. पाटी आणि टाळी, एवढ्यावर राहिले.

पुढच्या वर्षी मानेला गाठ आली. ह्या वेळी डॉक्टरांनी चित्र काढलं नाही. आबा चार महिने होते. शेवटी शेवटी खडूही धरवत नव्हता, तेव्हा ते आईच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढायचे. ती डोळे मिटून ओळखायची, "पाणी? कूस बदलायची?" बरीचशी ओळखायची. कधी कधी ते काहीतरी लांबलचक काढायचे. तेव्हा ती म्हणायची, "नाय कळलं हो," आणि ते हात तसाच तिच्या हातात राहू द्यायचे. एका सकाळी मी कामावर जायला निघाले होते. तिने मला आतून हाक मारली, जरा मोठ्यानेच, आणि त्यावरून मला कळलं.

दादा समुद्रात होता. तो घरी पोचला तेव्हा तेरावा होऊन महिना झाला होता. फोटोपुढे बराच वेळ बसला. मग बॅगेतून त्याची सीडी काढून म्हणाला, "खरं सांगू? मी ही दोनदाच ऐकली. ह्यात आबा वाटतच नाहीत. कुणी पाहुणा बोलतोय असं वाटतं."

माझ्याने राहवलं नाही. मी सांगितलं, की अजून आहे.

आईने कपाटातून रुमाल आणून दिला. दादाने सीडी लावली. लाभ, दोन, तीन. आम्ही तिघं टीव्हीपुढे जमिनीवर बसलो होतो. 'आन् हिला सांगायचं म्हंजे' आलं, शिट्टी झाली आणि तो आवाज फुटला. दादा दचकला. तीस वर्षांचा माणूस, बोटीवर इंजिनं उघडणारा, त्याचे खांदे लहान मुलासारखे आत गेले. मग तो ढसाढसा रडायला लागला. "हे तू काढलंस?" तो मला म्हणाला. "कोणी सांगितलं होतं तुला? आबा होते ते. तेच होते."

"आबांनीच सांगितलं होतं."

"म्हणून मी काय ऐकायचं ते तू ठरवणार?"

यंत्र चालूच होतं. त्याच्यापुढचं आलं. वारा, ढेकर, पुन्हा वारा. दादाने माझ्याकडे पाहिलं, हे काय म्हणून. मी आईकडे पाहिलं. तिला हे आहे ते माहीतच नव्हतं, मी कधी सांगितलंच नव्हतं. ती पुढे सरकून यंत्राला कान लावून बसली. खोकला झाला, पाटी आपटली, संपलं.

"परत लाव," ती म्हणाली.

दादाने परत लावलं. तिसऱ्यांदाही. तिने डोळे मिटले होते आणि उजवा तळहात उघडा करून मांडीवर ठेवला होता.

"कळलं काय?" दादाने विचारलं.

"नाय," ती म्हणाली. "नाय कळलं."

दादा निघताना ती सीडी मागत होता. बोटीवर चांगल्या यंत्रावर आवाज साफ करून घेतो, कोणीतरी सांगेल काय शब्द आहेत ते, असं त्याचं म्हणणं. आई म्हणाली, "ऐकायची तवा हितं येऊन ऐक. न्यायची नाय. ती माझी हाय." तिच्या तोंडून कुठल्या वस्तूला 'माझी' म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. दादा दोन दिवस रुसून होता, मग गेला.

नंतर कित्येक दिवस मला वाटायचं, ती एकटी असताना लावत असेल. यंत्र कसं चालवायचं ते मी तिला दाखवलं, बटणांवर नेलपॉलिशचे ठिपकेही लावून दिले. महिन्याभराने पाहिलं तर यंत्रावर बोटभर धूळ. "लावून देऊ का?" मी विचारलं.

"नको," ती म्हणाली.

ती डाळ निवडत होती. निवडून झाल्यावर तिने ताट बाजूला ठेवलं, उठून स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडली आणि म्हणाली, "उद्या सुट्टी हाय ना तुला? मग सकाळी उठवत नाय. झोप पोटभर."